संगणकाचा दर्शनी भाग: दिवे, बटणे आणि खाचांचा छोटा इतिहास



टेबलाखाली जो उभा डबा असतो आणि ज्याला आपल्याकडे सर्रास 'सीपीयू' म्हणतात, त्याच्या पुढच्या बाजूविषयी आज बोलायचे आहे. खरे म्हणजे सीपीयू ही आतली एक चिप. डब्याचे नाव कॅबिनेट. पण लोकांनी नाव दिले, ते रुळले, आपणही तेच वापरू. या डब्याच्या तोंडावर काय असते? एक मोठे बटण, कधी त्याच्याखाली एक बारके बटण, एक-दोन दिवे, दोन-चार यूएसबीच्या खाचा, हेडफोन आणि माइकची भोके. बस्स. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने यावर व्याख्यान द्यावे असे त्यात काय आहे? ते सांगण्यासाठी आधी एक कबुली द्यावी लागेल.

२००६ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा शिकवत होतो. विभागात एकच संगणक, तो सगळ्यांचा. एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचे चौथे प्रकरण त्यावर टाइप होत होते. दुपारी ती चहाला म्हणून खाली गेली आणि आम्ही काही कामासाठी त्या खुर्चीत बसलो. स्क्रीन काळी. माउस हलवला, काही नाही. खाली वाकून पाहिले तर डब्यावरचा दिवा हळूहळू लुकलुकतोय. लागतो, विझतो, लागतो. आमचा समज झाला की मशीन अडकले. मग सगळे करतात तेच केले. मोठे बटण दाबले आणि दाबूनच धरले. दिवा विझला. पुन्हा सुरू केले तेव्हा अठरा पाने गेलेली होती. तिने ती जतन केलेली नव्हती, आणि आपोआप जतन होण्याची सोय कोणी चालू केलेली नव्हती.

मशीन अडकले नव्हते. झोपले होते. सगळी पाने स्मृतीत जशीच्या तशी होती, आणि दिवा लुकलुकून नेमके तेच सांगत होता. बटण नुसते एकदा दाबून सोडले असते तर ते जागे झाले असते. ती मुलगी "असू द्या सर" एवढेच म्हणाली. ते "असू द्या" आमच्या मनात राहिले. जन्मभर प्रमाणशास्त्र शिकवले, म्हणजे कशावरून काय कळते हे शिकवले, आणि समोरचा एक दिवा वाचता आला नाही. तो वाचता का आला नाही, या प्रश्नापासून हा इतिहास आम्ही शोधू लागलो.

तर सुरुवात करू या. संगणकाचा दर्शनी भाग एके काळी आजच्यासारखा गरीब नव्हता. विसाव्या शतकाच्या पन्नाशी-साठीतल्या यंत्रांची छायाचित्रे पाहा. आपल्या मुंबईतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेने टिफ्रॅक हा संगणक बांधला, निर्वात नळ्यांचा, १९६० मध्ये कामाला लागलेला. त्या पिढीतली बहुतेक यंत्रे खोलीभर पसरलेली असत आणि यंत्राशी माणसाचा संबंध यायचा तो दिव्यांच्या आणि खटक्यांच्या फलकापाशी. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टम/३६० जाहीर केली. तिच्या मोठ्या यंत्रांच्या फलकावर तर दिव्यांच्या रांगाच्या रांगा. कोपऱ्यात एक लाल मूठ असे, आणीबाणीत ओढायची. ती ओढली की वीज तिथल्या तिथे तुटायची, आणि मूठ पुन्हा जागेवर बसवायला कंपनीचा अभियंता यावा लागे. म्हणजे थांबवण्याचा अधिकार हातात होता, पण तो वापरल्याचा जाब द्यावा लागत होता.

या जुन्या फलकाचा सगळ्यात स्वच्छ नमुना मात्र एका छोट्या यंत्रात सापडतो. अमेरिकेत अल्बुकर्कीच्या मिट्स कंपनीने काढलेले अल्टेअर ८८००. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या मुखपृष्ठावर ते झळकले. सुटे भाग घ्या, घरी जोडा, किंमत ३९७ डॉलर. आत इंटेलची ८०८० चिप आणि मूळ संचात स्मृती फक्त २५६ बाइट. पडदा नाही, कीबोर्ड नाही. जे काही आहे ते पुढे: २५ खटके आणि ३६ लाल दिवे.

आता यावर प्रोग्रॅम कसा घालायचा ते बघा. आठ खटके वर-खाली करून एक अंक मांडायचा. वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य. मग 'डिपॉझिट'चा खटका मारायचा, तो अंक स्मृतीत गेला. पुढचा अंक मांडा, 'डिपॉझिट नेक्स्ट'. असे शेकडो वेळा. एक खटका चुकला तर सगळे मुसळ केरात. शेवटी 'रन'. मग दिवे इतक्या वेगाने लागू-विझू लागत की काही मंद दिसत, काही प्रखर.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी. त्या प्रत्येक दिव्यामागे यंत्रातली एक विशिष्ट तार होती. तारेत विद्युतदाब आहे, दिवा लागला. नाही, विझला. मध्ये अर्थ लावणारे कोणी नाही. आमच्या विषयातले उदाहरण द्यायचे तर हा पर्वतावरचा धूर. न्यायशास्त्रात पहिल्या दिवशी शिकवतात ते: डोंगरावर धूर दिसतो, धूर अग्नीवाचून नसतो, म्हणून डोंगरावर अग्नी आहे. धूर कोणी आपल्यासाठी काढलेला नसतो. अग्नी असला की ओघाने तो निघतो, म्हणून त्यावर भरवसा ठेवता येतो. अल्टेअरचे दिवे असे धूर होते.

पण धूर वाचायला जंगलात राहावे लागते. ते दिवे वाचणारी माणसे थोडी होती, आणि सामान्य माणसाने संगणक वापरायचा तर हा फलक जायलाच हवा होता. तो गेला. यंत्राला जागे करणाऱ्या प्राथमिक सूचना आतल्याच कायमच्या स्मृतीत लिहिल्या जाऊ लागल्या, पडदा आणि कीबोर्ड आले, आणि खटक्यांचे काम संपले.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला, तेव्हा त्याच्या तोंडावर काय होते? फ्लॉपीच्या दोन खाचा आणि त्यांचे इवलेसे दिवे. वीज देणारा मोठा लाल खटका उजव्या अंगाला मागच्या बाजूस. कीबोर्डची तारसुद्धा मागे. तोंड कोरेच म्हणायचे. रीसेटचे बटणही नव्हते. त्याऐवजी डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने तीन कळा एकत्र दाबण्याची युक्ती काढली. कंट्रोल, आल्ट, डिलीट. चुकून एका हाताने दाबल्या जाऊ नयेत अशा अंतरावरच्या.

फ्लॉपीचा तो दिवा मात्र अजून धूरच होता हं. ड्राइव्ह कामाला लागला की दिवा लागायचा, आणि दिवा चालू असताना फ्लॉपी काढायची नाही हा नियम त्या काळात पहिल्याच दिवशी शिकवत. एक दिवा, एक अर्थ, एक नियम. शिकवणारा असला की सामान्य माणूसही दिवा वाचायला शिकतो, हे त्यावरून दिसते.

१९८४ च्या पीसी/एटी या यंत्राने तोंडावर तीन गोष्टी आणल्या: विजेचा दिवा, हार्ड डिस्कचा दिवा आणि चक्क कुलूप. किल्ली फिरवली की कीबोर्ड बंद आणि डब्याचे झाकणही बंद. आयबीएमच्या यंत्राबरहुकूम बनवलेल्या इतर कंपन्यांच्या यंत्रांनी ही चाल उचलली. त्यात दोन बटणांची भर पडली, रीसेट आणि टर्बो.

टर्बोची कथा थोडी सावकाश सांगतो, कारण आपल्या विषयाचा कणा तिथे आहे. मूळ पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. कित्येक प्रोग्रॅम, विशेषतः खेळ, हाच वेग गृहीत धरून लिहिलेले होते. वेगवान यंत्रे आली तेव्हा हे खेळ इतके भरधाव पळू लागले की खेळणे अशक्य. म्हणून यंत्राचा वेग मुद्दाम कमी करण्यासाठी एक बटण दिले. काम हळू करण्याचे, नाव मात्र टर्बो! यंत्र हळू करणारे बटण कोण विकत घेईल? त्यामुळे वेगवान अवस्थेलाच 'टर्बो चालू' म्हणायचे ठरले.

आणि मग आला आकड्यांचा दिवा. डब्यावर लाल किंवा हिरव्या अक्षरांत ३३, ६६ असा वेग दिसायचा. आमच्या पिढीतल्या अनेकांनी तो पाहिला असेल. बटण दाबले की आकडा बदलायचा. आम्हाला वाटायचे, वा, यंत्र आपला वेग मोजून सांगते आहे. प्रत्यक्षात तो आकडा काहीच मोजत नव्हता! त्या छोट्या पट्टीच्या मागे जंपर असत, म्हणजे टाचणीएवढ्या पिना जोडणाऱ्या टोप्या. डबा जोडणारा माणूस त्या टोप्या बसवून दोन आकडे मांडून ठेवी. बटण त्या दोन आकड्यांत अदलाबदल करी, एवढेच. टोप्या वेगळ्या बसवल्या तर मंद यंत्रावरही ९९ दिसले असते.

हा धूर नाही. हे वाक्य आहे. कोणीतरी यंत्राच्या तोंडावर लिहून ठेवलेले वाक्य. धूर आणि वाक्य यांत फरक काय? धुरावरून आपण अनुमान करतो. वाक्य ऐकून आपण विश्वास ठेवतो. आपल्या परंपरेत याला शब्दप्रमाण म्हणतात आणि त्याला एक अट घालतात: बोलणारा आप्त हवा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि जो ती तशीच सांगतो, तो. त्या आकड्याच्या मागचा बोलणारा होता डबा जोडणारा माणूस, आणि तो आपल्याला कधी दिसलाच नाही.

याच डब्याचे झाकण उघडून कोणी पाहिले असेल, तर पुढच्या फलकातून आत जाणाऱ्या बारीक रंगीत तारांच्या जोड्या दिसल्या असतील. पॉवर स्विच, रीसेट, पॉवरचा दिवा, हार्ड डिस्कचा दिवा. प्रत्येकीच्या टोकाला इवलीशी टोपी, ती मदरबोर्डच्या पिनांवर बसते. बटणाची टोपी उलटी बसली तरी चालते, कारण बटण म्हणजे दोन तारा क्षणभर एकमेकींना टेकवणे. एलईडी मात्र डायोड आहे, त्यातून वीज एकाच दिशेने जाते. टोपी उलटी बसली की दिवा कधीच लागत नाही. डिस्क मात्र व्यवस्थित चालू. अशा यंत्रापुढे बसलेला माणूस वर्षानुवर्षे समजतो की डिस्कचा दिवा गेलाय. आमच्या शास्त्रात सांगतात की धूर असेल तर अग्नी असतोच, पण अग्नी असेल तर धूर असेलच असे नाही. त्याला ओले सरपण लागते. तसेच हे. दिवा लागला तर काही चालू आहे. दिवा नाही, म्हणून काही चालू नाही असे म्हणता येत नाही.

आता १९९५ कडे येऊ. या वर्षी इंटेलने एटीएक्स नावाची रचना मांडली. तोपर्यंतच्या एटी पद्धतीच्या डब्यांत पुढच्या बटणापर्यंत थेट घरातली वीज यायची. २३० व्होल्टची जाड तार पुढे आणून खटक्याला जोडलेली. खटका बंद म्हणजे वीज तुटली, विषय संपला. म्हणूनच विंडोज ९५ मध्ये काम आटोपले की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत सूचना यायची, आता संगणक बंद करायला हरकत नाही. यंत्र सांगे आणि माणूस बंद करी.

एटीएक्सने हे उलटवले. पुढच्या बटणाला घरातली वीज लागत नाही. ते दाबले की मदरबोर्डला फक्त एक इशारा जातो. त्या इशाऱ्याचे काय करायचे ते आतली व्यवस्था ठरवते: सुरू व्हायचे, झोपायचे, जागे व्हायचे, की सगळी कामे आवरून बंद व्हायचे. मॅकिंटॉश टू या यंत्रावर अशी सोय १९८७ मध्ये कीबोर्डवरच होती, पण घरोघरच्या डब्यात ती आली एटीएक्समुळे. यासाठी यंत्र 'बंद' असतानाही आत पाच व्होल्टचा एक बारीक प्रवाह जागा ठेवावा लागतो. म्हणून डबा उघडण्यापूर्वी भिंतीतला प्लग काढायचा. पुढचा दिवा विझला म्हणजे वीज गेली, असे समजू नका.

यात सोय मोठी आहे. फाइली अर्धवट तुटत नाहीत. पण बदल काय झाला ते पाहा. जुना खटका ही आज्ञा होती. नवे बटण हा अर्ज आहे. आपण दाबतो, यंत्र विचार करते. आणि यंत्राने ऐकलेच नाही तर? त्याचीही तरतूद ठेवली. १९९६ च्या शेवटी एसीपीआय नावाचे विनिर्देश आले, त्यात लिहिले आहे की बटण चार सेकंदांहून अधिक काळ धरले तर आतल्या प्रोग्रॅमला न विचारता यंत्र बंद पडेल. सिस्टम/३६० च्या त्या लाल मुठीचा हा वंशज. फरक एवढाच की त्या मुठीवर लाल रंग होता, ओढण्याआधी माणूस दोनदा विचार करी. इथे तेच बटण, त्याच जागी. हलके दाबले तर अर्ज, धरून ठेवले तर फाशी. आणि डब्यावर याविषयी एक अक्षर लिहिलेले नाही. आमची अठरा पाने गेली ती इथे.

त्या बटणावरचे चिन्हही बघू. आंतरराष्ट्रीय विद्युत मानकांमध्ये उभी रेघ म्हणजे चालू, वर्तुळ म्हणजे बंद. पूर्ण वर्तुळात रेघ असेल तर एकाच बटणाने चालू आणि बंद. वर्तुळ वर तुटलेले आणि त्यातून रेघ बाहेर आलेली, हे मुळात 'बंद' चे चिन्ह नव्हतेच. ते होते 'स्टँडबाय'चे, वाट पाहण्याचे. पुढे २००४ मध्ये आयईईई १६२१ या मानकाने त्याला सरसकट 'पॉवर' असा अर्थ दिला, झोपेसाठी चंद्रकोर सुचवली, आणि चालूसाठी हिरवा, झोपेसाठी पिवळसर नारिंगी असे रंगही सुचवले. सूचना चांगली होती. पण तोवर लक्षावधी डबे बाजारात होते, आणि नंतरही कोणी निळा दिवा लावला, कोणी पांढरा. निळा प्रखर एलईडी नव्वदीच्या दशकात नाकामुरा, अकासाकी, अमानो यांच्या कामामुळे शक्य झाला, त्यासाठी त्यांना २०१४ चे नोबेल मिळाले. डबा बनवणाऱ्यांना तो दिसायला आवडला. अर्थ काय, हे विचारायचे राहिले.

आता खाचा. हा भाग थोडक्यात आटोपतो. यूएसबीचे पहिले विनिर्देश जानेवारी १९९६ मध्ये आले. सात कंपन्यांचे काम, आणि इंटेलकडून त्यात अग्रणी होते अजय भट्ट. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले, हे आपल्याला ऐकायला बरे वाटते. त्याआधी प्रिंटर, माउस, मोडेम प्रत्येकाची खाच वेगळी आणि सगळ्या मागे, धुळीत. डबा ओढून, बॅटरी मारून तार शोधावी लागे. पुढे पेन ड्राइव्ह आले, रोज लावायचे-काढायचे झाले, आणि यूएसबीच्या खाचा पुढे आल्या. आतून त्याही एका तारेनेच मदरबोर्डला जोडलेल्या असतात. ती तार लावायची राहिली की पुढची खाच मुकी. काळी किंवा पांढरी खाच बहुधा २.० ची, सेकंदाला ४८० मेगाबिटपर्यंत. निळी असेल तर ३.० ची, २००८ ची, पाच गिगाबिटपर्यंत. हेडफोनचे हिरवे आणि माइकचे गुलाबी हे रंगही नव्वदीच्या अखेरीस मायक्रोसॉफ्ट-इंटेलच्या पीसी ९९ या शिफारशीतून रुळले. रंगाला ठरलेला अर्थ दिला आणि तो बहुतेकांनी पाळला, की लोक आपोआप शिकतात. दिव्यांच्या बाबतीत हेच झाले नाही.

शेवटी दोन संशोधनांचा उल्लेख करतो, म्हणजे धूर आणि शब्द यांचा फरक पक्का होईल. २००२ मध्ये लाउरी आणि अम्फ्रेस या दोघांनी दाखवले की मोडेमसारख्या काही उपकरणांचे दिवे नुसते लुकलुकत नाहीत. त्यांतून जाणारी माहिती त्या लुकलुकण्यात जशीच्या तशी असते आणि लांबून वाचता येते. दिवा थेट माहितीच्या तारेवर बसवलेला. म्हणजे शुद्ध धूर, इतका खरा की गुपितही सांगून टाकणारा. पुढे २०१७ मध्ये इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की यंत्रात घुसलेला दुष्ट प्रोग्रॅम हार्ड डिस्कचा दिवा हवा तसा लुकलुकवू शकतो आणि सेकंदाला ४,००० बिटपर्यंत माहिती बाहेर पाठवू शकतो. इथे दिवा शब्द झाला, आणि बोलणारा आप्त नव्हे, चोर!

तर या साठ-सत्तर वर्षांतून आपण काय घेऊन जायचे? जुना फलक परत यावा असे आम्ही म्हणत नाही. खटक्यांनी प्रोग्रॅम घालायची कोणाला हौस नाही. पण फलक रिकामा होत गेला तसतशी आपली एक सवयही गेली: यंत्राकडे पाहून ते कोणत्या अवस्थेत आहे हे स्वतः ठरवण्याची. आज तो दिवा काय बोलतो हे यंत्र बनवणारा ठरवतो. मग निदान त्याची भाषा आपल्याला ठाऊक असावी, एवढा हक्क आपला आहे.

घरी गेल्यावर एक करा. आपल्या डब्यासमोर दहा मिनिटे बसा. चालू असताना दिवा कसा दिसतो, झोपवल्यावर कसा, बंद केल्यावर कसा, हे बघून एका कागदावर लिहा आणि तो कागद डब्याला चिकटवा. स्क्रीन काळी झाली तर आधी दिवा बघा. बटण एकदाच दाबून सोडा आणि थांबा. डिस्कचा दिवा फडफडत असेल तर आणखी थांबा. चार सेकंदांची ती शिक्षा सगळ्यात शेवटी.

त्या विद्यार्थिनीने तीन आठवड्यांत ते प्रकरण पुन्हा लिहिले आणि प्रबंधही पूर्ण केला. आम्ही दुसऱ्याच दिवशी विभागातल्या डब्यावर एक चिठ्ठी लावली होती: 'दिवा लुकलुकत असेल तर यंत्र झोपलेले आहे. बटण धरून ठेवू नये.' आम्ही निवृत्त झालो तेव्हाही ती तिथेच होती.